सूचना : शेळ्या-वासरं रात्री बंद गोठ्यातच बांधा

राम राम मंडळी, नाल्याकडच्या केळीत परत बिबट्याचे ठसे दिसलेत, गोल आहेत आन नखं उमटलेली नाहीत म्हणजे कुत्रं किंवा तरस नाही. यावल-रावेर पट्ट्यात केळीबागा दाट, वर सातपुडा जवळ, त्याला लपायला जागाच जागा. म्हणून शेळ्या, वासरं खळ्यात उघडी ठेवू नका, गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारा आन वरूनही झाका, नुसती काट्यांची वई तो सहज ओलांडतो. दारात लाईट चालू ठेवा, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकू नका, वासाने कुत्री येतात आन कुत्र्यांमागे तो. रात्री मोटर चालू करायला एकटं जाऊ नका, बॅटरी, काठी घ्या, मोबाईलवर गाणी लावा, लेकरांना तर पाठवूच नका.

बिबट्यानं जनावर मारलं तर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवू नका, फोटो काढा, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा नाहीतर भरपाई अडकते, हेल्पलाईन १९२६. आन हात जोडून सांगतो, रागाच्या भरात मढ्यात विष किंवा कुंपणात करंट कोणी सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहेच पण त्या तारेला आपलाच माणूस चिकटतो. कुठं दिसला तर लगेच ग्रुपवर टाका, जुने व्हिडिओ फिरवू नका.