तीन बाकांच्या मालकास

सोलापूर,
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा तुझ्या वर्गातील खात्याचा उतारा, दोन्ही मिळाले. पतसंस्थेत दिवसभर खातेउतारे पाहणाऱ्या आईला मुलानेही नाशिकहून खातेउताराच पाठवावा, याचे तुझ्या बाबांना फार हसू आले. मी मात्र तो सवयीने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वर्गात श्रीमंतीत तुझा दुसरा क्रमांक आहे आणि पहिला येण्यासाठी काय करावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर देणारच आहे, पण त्याआधी उताऱ्यातील दोन नोंदींविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

वर्गातच पगार, भाडे, विमा आणि कर्ज यांचे व्यवहार चालवण्याचा सरांनी सुरू केलेला हा उपक्रम मला मनापासून आवडला आहे, हे आधी सांगून टाकते. आमच्या वेळी शाळेत संचयिका असायची. घरून आणलेला रुपया-दोन रुपये बाईंकडे जमा करायचे, छोट्या पुस्तिकेत नोंद करून घ्यायची आणि वर्षअखेरीस रक्कम परत मिळायची. स्काउट-गाईडच्या ‘खरी कमाई’त भेळ आणि सरबत विकून नफा-तोट्याचा एक दिवसाचा अनुभवही मिळे. परंतु पगार कसा येतो, भाडे कसे जाते, विमा कशासाठी असतो आणि कर्ज अंगावर कसे चढते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही. ते आम्ही नोकरीला लागल्यावर शिकलो. तुम्हाला ते आठवीत शिकायला मिळते आहे, तेही ‘होन’ या तुमच्या वर्गाच्या संगणकावरील आभासी चलनाच्या आधारे, म्हणजे बुडाले तरी घरचे दूध बंद होणार नाही अशा पैशांत. फळा पुसण्यासाठी, पुस्तकपेटी सांभाळण्यासाठी, पंखे-दिवे बंद करण्यासाठी मुलांनी रीतसर अर्ज करायचा, नेमणूक मिळवायची आणि आठवड्याला ६०० होन पगार घ्यायचा, ही कल्पना चांगलीच आहे. आणि परीक्षेतील गुणांना सरांनी पैसे ठेवलेले नाहीत, हे तर त्याहून चांगले. गुणांना भाव लावला की मूल पुस्तक वाचायचे सोडून भाव वाचू लागते.

आता पहिली नोंद, बाकांची. बाकाचे भाडे महिन्याला ८०० होन आणि एकरकमी २४०० होन भरले की बाक कायमचा आपला, असा तुमचा नियम आहे. तू जूनपासून काटकसर करून ऑगस्टमध्ये स्वतःचा बाक घेतलास, भाडे वाचू लागल्यावर दुसऱ्या मुलाचा घेतलास, आणि त्या भाड्याच्या जोरावर तिसरा. हिशेबाच्या दृष्टीने यात खोट काढण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली आहे का? तुमच्या वर्गात बाकाची किंमत तीन महिन्यांच्या भाड्यात वसूल होते. सोलापुरात एखाद्याने वीस लाखांचे घर घेतले आणि ते महिना सात हजार रुपयांनी भाड्याने दिले, तर मुद्दल वसूल व्हायलाच जवळजवळ चोवीस वर्षे लागतील, आणि त्यातही घरपट्टी, रंगरंगोटी आणि रिकामे गेलेले महिने मी धरलेले नाहीत. सरांनी ही किंमत मुद्दाम कमी ठेवली असावी, कारण चोवीस वर्षांचा धडा एका शैक्षणिक वर्षात बसवायचा आहे. त्यामुळे झाले असे की ज्याच्याकडे ऑगस्टमध्ये २४०० होन होते तो सुटला, आणि ज्याच्याकडे २३०० होते तो अजून भाडे भरतो आहे. त्याच्यात आणि तुझ्यात १०० होनांचे अंतर होते, म्हणजे वर्गात होणाऱ्या दोन दंडांचे. आज ते अंतर काही हजारांचे आहे, आणि ते वाढवण्यासाठी तुला मध्यंतरी काही वेगळे कष्ट करावे लागलेले नाहीत.

तू पत्रात लिहिले आहेस की उरलेली मुले आळशी आहेत आणि उधळी आहेत. हे वाक्य मला खटकले. दंडाने कष्टाळू माणूसही कसा मागे पडतो, हे तर तुझ्या आजीला विचार. आजी लग्नाआधीपासून विड्या वळत असे, हे तुला माहीत आहे. पण मजुरी कशी मिळे हे तू कधी विचारलेले नाहीस. कारखान्यातून मोजून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, रात्री पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन एकेक विडी वळायची, तोंड नखाने दुमडायचे आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून त्या टोपलीतून कारखान्यात न्यायच्या. मजुरी हजार विड्यांवर असे. तपासणाऱ्याने जुडी उचलून, दोन बोटांत दाबून, ‘ही सैल आहे’ म्हणून बाजूला टाकली की तेवढ्या विड्यांची मजुरी गेली; आणि पानेच मुळात किडकी आली होती, हे सांगायला तिथे रकाना नव्हता. आजीच्या शेजारी बसणारी बाई तिच्याइतकीच भराभर विड्या वळायची, पण घरात आजारपण होते म्हणून तिच्या हातात कधी काही उरले नाही. तिला कोणी आळशी म्हटलेले आजीने ऐकून घेतले नसते. तुमच्या वर्गात सगळ्यांची सुरुवात शून्य होनांपासून झाली, ही त्या उपक्रमातील सर्वांत मोठी सवलत आहे; वर्गाबाहेर कोणाचीच सुरुवात दुसऱ्याइतकी नसते.

दुसरी नोंद कर्जाची आहे. शेजारच्या बाकावरील मुलाला वर्गातील वस्तूंच्या लिलावाच्या दिवशी ४०० होन कमी पडले, ते तू आठवड्याला दहा टक्के व्याजाने दिलेस, आणि त्याने दोन आठवडे व्याज दिले नाही म्हणून आता व्याजावरही व्याज लावणार आहेस. सरांनी मुलांना आपसांत कर्ज देण्याची मोकळीक दिली आहे आणि दर ठरवणेही तुमच्यावर सोपवले आहे, म्हणजे नियमाप्रमाणे तू चुकलेला नाहीस. तरीही कागद घे आणि मांड. दहा टक्के हा आकडा दिसायला लहान आहे, पण तो आठवड्याचा आहे. सरळव्याजानेही तो वर्षाला ५२० टक्के होतो. चक्रवाढीने रक्कम किती काळात दुप्पट होते हे पाहायचे असेल तर ७२ ला दराने भागावे, ही आमच्या कामातील जुनी युक्ती आहे. इथे उत्तर सातच्या थोडे वर येते. म्हणजे आठव्या आठवड्याअखेरीस तो मुलगा ४०० चे ८५७ होन देणे लागेल. त्याचा आठवड्याचा पगार ६००. त्यात महिन्याला ८०० होन भाडे तो ज्या बाकमालकाला देतो, तो मालकही तूच. आमच्याकडे कर्जाचा अर्ज आला की अर्जदाराचा पगार, आधीचे हप्ते आणि जामीनदार हे पाहिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, आणि ते केवळ पैसे बुडू नयेत म्हणून नव्हे. माणूस फेडू शकणार नाही एवढे कर्ज देणे हे देणाऱ्याचेही अज्ञानच असते. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात, म्हणून ती देणाऱ्याने ठेवायची असते.

या विषयाचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे, आणि तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात आटोपला असेल, म्हणून थोडे सांगते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते हाती लागले की तिथेच जाळले जात. निरक्षर शेतकऱ्याने कशावर अंगठा उठवला आहे हे त्याला ठाऊक नसे, हिशेबाची वही सावकाराच्या घरी असे आणि त्याने किती फेड केली याची पावती त्याच्यापाशी नसे. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. पुढे १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, तो ज्या चार जिल्ह्यांना प्रथम लागू झाला त्यांत पुणे, सातारा, अहमदनगर यांच्यासोबत आपले सोलापूर होते. कर्जाचा व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला, आणि ऋणकोला पावती व हिशेब देणे सावकारावर बंधनकारक केले. त्याहून जुनी रीत दामदुप्पटीची: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. आजही महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे. तुमच्या वर्गात निदान एक बरे आहे की प्रत्येकाला स्वतःचे खाते संगणकावर केव्हाही पाहता येते आणि वही कोणा एकाच्या घरी नाही. तरी त्या मुलाला आठव्या आठवड्याचा आकडा तू एकदा कागदावर लिहून दाखव, आणि नंतर त्याचा चेहरा पाहून दर ठरव.

विम्याचे मी थोडक्यात सांगते. महिना ६० होन वाचवण्यासाठी तू विमा घेतलेला नाहीस, कारण सरांच्या डब्यातून निघणारी अपघाताची चिठ्ठी तुला अजून लागलेली नाही. लागेल. तीन बाकांच्या मालकाने तरी विमा घ्यावा.

दिवाळीनंतरच्या लिलावाविषयी तू जे लिहिलेस ते मात्र फार मोलाचे आहे, आणि त्याचे कारण तुझ्या लक्षात आलेले नाही याची गंमत वाटली. सरांनी वर्ग स्वच्छ ठेवल्याबद्दल सर्वांना ५०० होन बोनस दिला आणि त्याच शनिवारी सप्टेंबरमध्ये ३०० ला गेलेली तसलीच कंपासपेटी ७०० ला गेली. तू लिहितोस की मुले ‘वेड्यासारखी बोली लावत होती’. मुले वेडी झालेली नव्हती. पेट्या तेवढ्याच होत्या आणि प्रत्येकाच्या खात्यात ५०० होन जास्त होते. सर्वांना बोनस मिळाला म्हणजे सर्वजण तेवढे श्रीमंत झाले असे होत नाही, वस्तूंचा भाव वर जातो. याचे दुसरे टोक पाहायचे असेल तर सध्या आपल्या बाजार समितीत ये. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, गिऱ्हाइकाच्या खिशात पैसे तेवढेच असतात, माल मात्र दुपटीने येऊन पडतो, आणि मोहोळ-बार्शीकडून रात्रीच निघून आलेला शेतकरी लिलावातील बोली ऐकून डोक्याला हात लावतो. त्यानेही वर्षभर काटकसर केलेली असते. बोनस हाती आला त्याच दिवशी बोली लावायची नाही, एवढे तू नक्कीच करू शकलास असतास. ७०० ला घेतलेली ती कंपासपेटी तुझ्याच उताऱ्यात आहे, हे मी पाहिले आहे.

आता तुझा प्रश्न. पहिल्या क्रमांकाच्या मुलाकडे चार बाक आहेत असे तू म्हणतोस. चौथा बाक घेतलास तर तू त्याची बरोबरी करशील, परंतु तुझे उत्पन्न आज भाडे, व्याज आणि पगार अशा तीन मार्गांनी येत असले, तरी त्यांतील व्याज आणि निम्मे भाडे एकाच मुलाच्या खात्यातून निघते. तो दोन आठवडे कांजिण्यांनी घरी गेला तर तुझे काय होईल? आमच्या कर्ज विभागात अशा खात्यावर लाल शेरा पडेल. माझा सल्ला विचारशील तर, सरांची परवानगी घेऊन तो बाक त्यालाच हप्त्याने दे: आजवर भाडे म्हणून देतो तेच ८०० होन तीन महिने हप्ता म्हणून धर, मार्चमध्ये बाक त्याचा होईल आणि तुझे २४०० होन तुला परत मिळतील. उसन्या ४०० वर एकदाच ठरावीक रक्कम घे आणि विषय मिटव. यात तुझा पहिला क्रमांक बहुधा जाईल. तुझ्या जमेच्या प्रत्येक ओळीसमोर कोणाच्या तरी खात्यात नावे पडलेली ओळ असते, हे पाहण्याची सवय मात्र लागेल, आणि मी इतकी वर्षे रोखपालाच्या खिडकीत बसून जे काही शिकले आहे ते एवढेच आहे. निर्णय तुझा, बाक तुझे आहेत.

खऱ्या पैशांचेही आता सुरू करू. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतःच्या सहीने बचत खाते चालवता येते, तशी रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. मी पतसंस्थेत नोकरी करत असले तरी तुझे खाते बँकेतच उघडायचे असे ठरवले आहे, कारण बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. हे मी आमच्या ठेवीदारांनाही विचारल्यावर सांगते, व्यवस्थापकांना ते आवडत नाही तो भाग वेगळा. संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेसाठी, येशील तेव्हा यात्रेचा खर्च म्हणून ठरलेली रक्कम एकदाच तुझ्या हाती देईन. पाळणे, खेळणी, मौत का कुआ, जे पाहायचे ते त्यातच बसव, फोनवरून आणखी पाठवणार नाही. शिल्लक राहील ती खात्यात भरू. येताना आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र घेऊन ये. प्रमाणपत्राला कार्यालयात दोन दिवस लागतात, तेव्हा अर्ज या आठवड्यातच दे.

तुझी,
आई