काच पुसणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाडीच्या पाण्याची गुणवत्ता चोवीस तास मोजणारी यंत्रं बसणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. बरं वाटलं. पण त्या यंत्रांच्या सेन्सरची काच कोण पुसणार, हे निविदेत लिहिलंय का? पाच वर्षं मी तेच काम केलं, म्हणून विचारते.

रत्नागिरीजवळच्या एका खाडीत आमचा गढूळपणा मोजणारा सेन्सर होता. त्याची काच नखाएवढी. पावसाळा सरल्यावर बुडवला की आठवडाभरात काच बोटाला बुळबुळीत लागायची, तिसऱ्या आठवड्यात बार्नेकलचे, म्हणजे खडकाला नि होडीला चिकटणाऱ्या कवचवाल्या जीवांचे, पांढरे ठिपके. खरवडले तरी त्यांच्या बुडाचं गोल कडं काचेवर राहायचंच. व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशनं घासताना जीव मुठीत, कारण चरा पडला की काच बाद.

पुढे नुसत्या आकड्यांवरून कळू लागलं. खरा गढूळपणा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, शेवाळाचा नुसता चढत जातो. एकदा तो चढ ‘गाळ वाढला’ म्हणून अहवालात गेला. मी काच पुसली, गाळ गेला! हरितद्रव्य मोजणारा सेन्सर तर निळा प्रकाश टाकून लाल चमक टिपतो. काचेवरचं शेवाळही तो समुद्राच्या खात्यात जमा करतो.

जीव चिकटू नयेत म्हणून होडीच्या बुडाला तांबं मिसळलेला रंग फासता येतो, काचेला कसा फासणार? ट्रायब्युटिल टिनचे जालीम रंग तर २००८ साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानं जहाजांवरूनही हद्दपार झाले. पारदर्शक लेप आहेत, नाही असं नाही. सिलिकॉनच्या लेपावर जीव घट्ट बसत नाहीत, पण ते सुटून जायला पाण्याचा जोर लागतो. धावत्या जहाजाला ठीक, खाडीतल्या खांबाला काय उपयोग? फ्रान्सच्या इफ्रेमेर या समुद्र-संशोधन संस्थेनं वेगळी वाट धरली: काचेवर टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर देऊन त्यातून किंचित वीज सोडायची, म्हणजे समुद्राच्या मिठातूनच काचेपाशी क्लोरीन तयार होतो आणि जीवांना बसू देत नाही. मला हे पटतं. वीज हवी तेव्हा बंद करता येते.

खरेदीआधी एक लेपाची आणि एक साधी काच आपल्याच खाडीत ऑक्टोबर ते डिसेंबर शेजारी-शेजारी टांगा. थंड समुद्रातलं प्रमाणपत्र इथे चालायचं नाही. आणि आकडे जाहीर कराल तेव्हा काच शेवटची कधी पुसली, ती तारीखही सोबत द्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, रत्नागिरी