तुझी वही

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तू निघालीस तेव्हा मी दारापर्यंतसुद्धा आलो नाही. तुझी वही टेबलावर राहिली, की मुद्दाम ठेवलीस? ती घेऊन आज सकाळी त्या ओसाड बागेत गेलो. मोडक्या घसरगुंडीमागे, तू खूण केलीस तिथेच शिंप्याचं घरटं सापडलं. दोन पानं जवळ ओढून, कडांना भोकं पाडून कोळिष्टकाने आणि कापसाने टाके घातलेत. एका टाक्याचं टोक बाहेर गाठीसारखं फुगलेलं. अर्धा तास हललो नाही. नर-मादी आळीपाळीने अळ्या आणत होते, पण थेट घरट्यात शिरत नव्हते, आधी शेजारच्या फांदीवर बसायचे. तू लिहिलंस तस्संच.

पण मनू, तिथे गाजर गवत छातीइतकं वाढलंय. तू रोज त्यातूनच जायचीस! त्याच्या परागांनी दमा उसळतो, हे तुला वेगळं सांगायला नको. तिकडेही ते असणारच. पंप बॅगेत नको, खिशात ठेव. गवत फुलावर असेल तर आत शिरू नकोस, नाकाला फडकं बांध, घरी आलीस की आधी कपडे बदल... पुन्हा सुरू झालं माझं. चुकलं. त्या रात्रीही "रानगवत बघून पोट भरतं का" असं बोलायला नको होतं.

तू चार वर्षांची होतीस. तुला खांद्यावर घेऊन जिना उतरत होतो, आई पुढे अनवाणी, आणि तुझ्या छातीतली शिट्टी माझ्या कानाशी. तुझी दहावी होईपर्यंत मी रात्री उठून तुझा श्वास ऐकायचो. तुला हे कधी सांगितलं नाही.

गाजर गवत खाणारे, मेक्सिकोहून आणलेले भुंगेरे आपल्याकडे 1984 मध्ये सोडले, असं तुझ्या वहीत आहे. आज ते पाहिले. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा, एकाच शेंड्यावर चार, पानांची नुसती चाळण. इतकं बरं वाटलं की तिथूनच आत्याला फोन केला. आमची मनू नुसत्या पानावरून झाड ओळखते, हेही सांगून टाकलं.

घरट्यात पिल्लं आहेत. दोन चोची दिसल्या. तुझ्या नोंदीखाली आजची तारीख घातली आहे, माझ्या अक्षरात. चालेल ना?

पंपात किती डोस उरलेत ते कळव.

तुझा,
बाबा