तुमचा बंब आणि आईचा बंब

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. काल 14 एप्रिलची सुट्टी होती, सकाळी जयंतीला जाऊन आलो आणि येताना छकुलीला इथलं जुनं फायर स्टेशन दाखवलं. निजामाच्या काळातली दगडी इमारत आहे, दारात पितळी घंटा, आता कुणी वाजवत नाही पण घासून चकचकीत ठेवलीय. मागं एक उंच मनोरा, मला वाटलं आग बघायला असंल, तर तिथले काका म्हणले पाईप वाळवायला होता, कॅनव्हासचा पाईप ओलाच गुंडाळला की कुजतो म्हणून वरून खाली लोंबकळत सोडायचे. छकुलीचं वेगळंच, "आज्जीचा बंब पाणी तापवतो, मग हा बंब थंड पाणी का मारतो?" सगळे हसले, उत्तर कुणालाच आलं नाही.

बाबा, कालच या आग विझवणाऱ्या जवानांचा पण दिवस असतो. 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. जहाजात दारूगोळा होता हे शाळेत ऐकलं होतं, पण सोबत कापसाच्या गाठी पण होत्या म्हणे, आणि आग लागली ती त्याच कापसाला. तुमची जिनिंगच आठवली. गाठ वरून विझली दिसती पण आतून धुमसती, हे तुम्ही किती वेळा सांगितलंय, काका पण सेम तेच बोलले.

आपली कडब्याची गंज जळली तेव्हा बंब राख झाल्यावर आला म्हणून तुम्ही आजपर्यंत शिव्या देता. मी पण काल जरा तावातच विचारलं, एवढा उशीर का होतो? तर अख्ख्या तालुक्याला गाडी एकच, पाणी साडेचार हजार लिटर, पंप फुल सोडला की दोन-तीन मिनटात टाकी खाली, मग परत भरायला विहीर शोधा. 2016 ला लातूरला मिरजहून रेल्वेनं पाणी आणत होते त्या उन्हाळ्यात तर गावात जाऊन आगीसाठी पाणी मागायची लाज वाटायची म्हणले. मी गप झालो. तरी आपली गंज गेली ती गेलीच, तुमचा राग चुकीचा नाही.

यंदा गंज गोठ्याला खेटून रचू नका, आणि 101 नंबर भिंतीवर मोठा लिहून ठेवा.

आई, तुझ्या बंबाची तोटी गळती म्हणली होतीस ना, मे मधे आलो की बसवतो, तवर खाली तांब्या ठेव.

तुमचा,
बाळू