दीवानजी काका, बॅटरी आता उतरत नाही

आदरणीय दीवानजी काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, नातीकडून वाचून घ्याल. माझ्या जीपवर केलेल्या मेहनतीचं म्हणून दिलेलं पैशांचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत. दिवाळीच्या फराळाचा डबा ठेवून घेतलात, पण परत पाठवताना त्यात अंगणातली लिंबं भरलीत. म्हणजे फेड काही झालीच नाही, उलट लिंबांचं देणं वाढलं. म्हणून आता चारचौघांत सांगून टाकतो.

2019 साली मी पोलिसांच्या लिलावातून सुटलेली महिंद्रा एमएम 540 जीप टोचन करून इंदूरला, आपल्या लोकमान्य नगरात आणली. पाटीवर एमपी 03, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातला पोलिसांचा नंबर. कापडी हूड फाटलेलं, पुढचे स्प्रिंगचे पाटे बसलेले, फरशीला इतकी भोकं की खालचं गवत दिसायचं. बायकोने विचारलं, "नीट करून कितीला विकणार?" विकायची नाही म्हटल्यावर तिने पुढे काहीच विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

इंजिनाने मला फारसं छळलं नाही. प्यूजोच्या डिझाइनचं एक्सडीपी 4.90 डिझेल ते: चार सिलिंडर, 90 मिलिमीटरचा बोअर, 2112 सीसी. रिंगा आणि गॅस्केटं छोटी ग्वालटोली भागातली दुकानं पालथी घालून मिळाली. फरशीचं पत्राकाम सांवेर रोडला करून घेतलं, तिथे मी बऱ्यापैकी फसलो, पण तो विषय वेगळा.

छळलं ते बॅटरीने. संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी सकाळी मेलेली. नवी घातली, तीही तशीच. एका इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर बदलायला लावला. त्याला पैसे मोजून दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पुन्हा सेल्फ मारत बसलो होतो, तेव्हा तुम्ही हातात दुधाची पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिलात. "आठ दिवस झाले, हिचं कण्हणं आमच्या गल्लीपर्यंत येतं रे. पोलीस लाइनीतली आहे का?"

नमस्कार नाही, ओळख नाही. दूध माझ्या हातात देऊन तुम्ही थेट डॅशबोर्डखाली शिरलात. पोलीस लाइनीच्या एमटी शाखेत, म्हणजे गाड्यांच्या विभागात, तुमची उभी नोकरी गेली, हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी अजून लोकांना हाताने करून दाखवतो. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवलीत. ती तार आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये तुमचा टेस्ट लॅम्प जोडलात, तो बारा व्होल्टचा बल्ब, दोन तारा आणि काळी पट्टी गुंडाळलेला होल्डर. चावी बंद, दिवे बंद, तरी बल्ब पेटलेला. "बघ, ही झोपेतपण पिते आहे." मग डॅशबोर्डखालची एकेक तार ओढत गेलात. लिलावाआधी वायरलेस सेट, सायरन, सर्चलाइट काढून घेतात, आणि काढणारा पक्कडने तार कापून मोकळा होतो. तो सगळा जुडगा तिथेच लोंबत होता. अकरावी की बारावी तार ओढली आणि बल्ब विझला. सर्चलाइटची होती ती. पत्र्यावर घासून तिचं प्लास्टिक गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडलं होतं. अल्टरनेटरचा काही दोष नव्हता, बिचाऱ्याचा. तुम्ही टेप मागितलीत आणि तेवढ्यात दूध नासेल म्हणून घाई केलीत.

त्यानंतर दर रविवारी येत राहिलात. टॅपेट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट, तुम्हीच लावलेत, ती फट मोजायची पातळ पट्टी, फिलर, मला धरायला शिकवलंत. माझा हात अजून जडच आहे म्हणा.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे आहेत. बॉनेट घासताना रंगाखालून "पुलिस" ही अक्षरं वर आली, हाताने रंगवलेली, ल जरा तिरका. मी हरखलो. म्हटलं, अक्षरं तशीच ठेवू, वर दिव्यांची पट्टी लावू, लहान सायरन लावू, प्रदर्शनात लोक बघत राहतील. खासगी गाडीवर पोलिसांची लाल-निळी-पांढरी बत्ती चालत नाही हे मला माहीत होतं, तुम्ही कायद्याचं काही बोललातच नाहीत. एवढंच विचारलंत, "रात्री पलासियाला एखाद्या पोरीने पोलीस समजून तुला हात केला, तर तू काय करशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी प्रायमर मारला. अक्षरांचा फोटो काढलाय, तो दाराच्या आत चिकटवलाय, बाहेरून दिसत नाही. आता पाटीवर एमपी 09, म्हणजे इंदूरचा साधा नंबर आहे आणि गाडी साधी पांढरी. कौतुक करणारे जरा कमी झालेत.

1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही, त्या थेट भंगारात जातात. धुराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, मी भांडणार नाही. पण तुम्ही ज्यांचे पाटे बदललेत, ज्यांच्या टॅपेटचा आवाज कानाने ओळखलात, त्यांतली रस्त्यावर हिंडणारी ही एक तरी राहिली, हे तुम्हाला कळवावंसं वाटलं. मागच्या पावसात आम्ही तिघं हिच्यातून महूपुढच्या घाटातल्या जामगेटला जाऊन आलो. बायको पुढे बसली होती. विकायचं तिने काढलं नाही, उलट हूडला खिडक्या शिवून घे म्हणाली.

तुमचा टेस्ट लॅम्प माझ्याकडेच राहिलाय. या रविवारी पोहे-जिलेबी घेऊन परत द्यायला येतो. जीपनेच येतो, कारण दुसऱ्या गियरला पुन्हा घरघर सुरू झालीय आणि ती तुम्ही एकदा ऐकायला हवी.

तुमचा,
मागच्या गल्लीतला जीपवाला