कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शॉकअपवाल्या मामांना

मामा, नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत बसत नाही माहितीये मला, पण पोरगा वाचून दाखवेल म्हणून लिहितोय. आणि दुसरं म्हणजे ज्यांच्या गाडीला पुढे फिरवायला एक स्क्रूसुद्धा नाही त्या सगळ्यांना वाटतं की आहे ते शॉकअप निमूट सहन करायचं, त्यांच्याही नजरेखालून हे जाऊ दे.

गाडी माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११. पुढे ४१ एमएमचे फोर्क (म्हणजे पुढच्या शॉकअपचे दोन पाय), २०० एमएम ट्रॅव्हल, म्हणजे दबायला जागा, ॲडजस्टमेंट शून्य. आता गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, कुठली कंपनी प्रत्येकाच्या वजनाला फोर्क सेट करून देणार, आणि वर बसणार मी ९५ किलोचा, त्यात क्रॅश गार्ड, एक्स्ट्रा लाईटी, पुढे टाकीच्या दोन्ही बाजूला लटकवलेल्या बॅगा. करूळ घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक असं खाली जायचं की मागचं चाक हलकं झालेलं जाणवायचं आणि स्पीडब्रेकरवर तर ठक्क करून आवाज. दोन-तीन ठिकाणी दाखवलं, एकाने नवीन स्प्रिंग सांगितल्या, एकाने अख्खी असेंब्लीच बदला म्हणून सांगितलं, तिसऱ्याने काही न विचारता जाड ऑइल भरून दिलं आणि म्हणाला आता बघा कशी कडक झाली. कडक झाली खरी, पण गगनबावड्याच्या वाटेवर लागोपाठ खड्डे आले की पहिले दोन ठीक जायचे आणि नंतरचे थेट मनगटात यायचे.

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही गाडीकडे बघितलंच नाही, आधी मला विचारलंत, "वजन किती तुमचं?" आजवर कुणी विचारलं नव्हतं हो हे.

मग म्हणालात, जाड ऑइलनं शॉकअप दाबायला जड झालाय तसा परत यायलाबी जड झालाय, पहिल्या खड्ड्यातनं वर यायच्या आत दुसरा येतोय, तिसऱ्याला दबायला जागाच न्हाई. एवढ्या एका वाक्यात माझं सगळं कोडं सुटलं मामा. मी उगाच टायरची हवा कमीजास्त करत बसलो होतो.

आणि टेपने माप घेणं, ते तर मी विसरूच शकत नाही. फोर्कच्या रॉडवरची रबरी आवरणं, म्हणजे गेटर, काढून ठेवले, पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण मोकळा सोडून रॉडवरचं माप घेतलं, मग मला हेल्मेट-बूट-बॅगांसकट बसवलं, पोराने मागून गाडी सरळ धरली आणि पुन्हा माप. तेही एकदा नाही, एकदा हँडल वर खेचून हळू सोडून आणि एकदा खाली दाबून हळू सोडून, कारण सील (ऑइल आत अडवणारं रबर) आणि बुशच्या घर्षणाने दोन्ही आकडे वेगळे येतात आणि खरं माप त्यांच्या मधलं. मोकळ्या मापातून ते वजा केलं, आलं ७२ एमएम. म्हणजे मी नुसता बसलो की २०० मधले ७२ गेलेच, ब्रेकला आणि खड्ड्याला उरतंय काय! तुम्ही म्हणालात साठाच्या आसपास पायजे, तीस टक्के धरा.

उघडल्यावर दोन्ही पायांतलं ऑइल कमीजास्त निघालं, एकात तर बरंच कमी. गेटरच्या आत सील पाझरत होतं आणि बाहेरून काही दिसत नव्हतं (गेटरवाल्यांनो, वर करून बघत जा अधूनमधून). माझी मनाची तयारी झालेली नवीन सीलच्या खर्चाची, तुम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापली, सीलच्या ओठाखालून गोल फिरवली, काळी माती बाहेर आली, आणि म्हणालात सील चांगलं हाय, कशाला बदलायचं. रॉड काचेवर लोळवून वाक बघितला, स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून लांबी बघितली, दोन्ही सारख्या. त्याही परत त्याच बसवल्या. नवीन विकायला तुम्हाला कोण अडवणार होतं?

स्प्रिंगवर बसणाऱ्या नळीचं, म्हणजे स्पेसरचं काम शेजारच्या लेथवर. १२ एमएम जास्त लांब, दोन्ही बाजूला अगदी सारखे. मी म्हणालो, म्हणजे आता स्प्रिंग कडक झाली, तर तुम्ही हसून, "स्प्रिंग तीच हाय की, कडक कशी हुईल? नुस्ती गाडी वर उभी ऱ्हाती." हे कितीतरी रायडर मित्रांना मी आता समजावतोय आणि निम्म्यांना अजून पटलेलं नाही.

ऑइल तुम्ही कंपनीच्याच ग्रेडचं घेतलंत आणि मापाने ओतून मोकळे झाला नाहीत, आत जुनं थोडं राहतंच म्हणून. स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, थोडं जास्तच ओतायचं आणि मग मोठ्या सिरिंजला लावलेली सलाईनची नळी ठरलेल्या खोलीपर्यंत सोडून वरचं ओढून घ्यायचं, नळीत हवा आली की थांबायचं. लेव्हल नेहमीपेक्षा किंचित वर ठेवलीत, म्हणजे वरची हवा कमी, ती दाबली गेली की शेवटच्या टप्प्यात पंपासारखी घट्ट होते आणि ठक्क आवाज बंद. सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो. इतकं साधं, आणि मी नेटवर फोर्कच्या आत बसवायच्या महागड्या कार्ट्रिज किटच्या किमती बघत होतो.

चाक बसवल्यावर तुम्ही चाकाचा आस धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैलच ठेवलात, पुढचा ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा दाबली आणि मगच आवळला. पोरगा घाई करत होता तर त्याच्यावर ओरडलात, दोन्ही पाय सरळ रेषेत बसू देत आधी, न्हाईतर अडकत चालतंय. मला वाटतं तिसऱ्या मेस्त्रीने हेच केलं नव्हतं. पुन्हा माप घेतलं, ६०.

रॉडला केबल टाय बांधून (फोर्क दबेल तसा तो सरकतो, जास्तीत जास्त किती दबला ते कळतं) गगनबावड्याला पाठवलंत ते बरं केलंत. भुईबावडा घाट उतरून परत आलो, फोर्क मोकळा सोडून सीलपासून टायपर्यंत १७० भरलं. म्हणजे भरपूर वापरलं आणि तरी शिल्लक राहिलं. ब्रेकला नाक अजून वाकतं, ते वाकणारच, पण आता वाकून थांबतं, आदळत नाही. बायकोने मागे बसून पहिल्यांदा घाटात माझं जॅकेट सोडलं, याहून मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

पैशाचं मात्र तुम्ही बरोबर केलं नाही मामा. ऑइल, गास्केट आणि मजुरी एवढंच घेतलंत, अर्धा दिवस शिकवलंत त्याचं काहीच नाही, जास्त देऊ लागलो तर चहा सांगितलात आणि तो पण तुमच्याच खात्यावर.

लेव्हल, स्पेसर आणि तारीख सीटखाली कागदावर लिहून प्लॅस्टिकमध्ये चिकटवलंय, पुढच्या ऑइलला कुणाला विचारायला नको. मागच्या एकुलत्या शॉकअपचं, म्हणजे मोनोशॉकचं प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) पण बघायचं राहिलंय, तुम्ही म्हणालात पुढचं वर घेतलं की मागचंही बघाय लागतंय. पाऊस उघडला की बायकोला पण घेऊन येतो, डबलसीटचं माप एकदमच घेऊन टाकू. आणि त्या दिवशीचा चहा माझ्याकडून, आधीच सांगून ठेवतो.

तुमचा,
९५ किलोवाला