एनएस-१ म्हणजे काय, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेंग्यूवरच्या आपल्या पुरवणीत पानभर 'प्रतिकारशक्ती वाढवणारे पदार्थ' दिलेत. किवी, पपईच्या पानांचा रस, काय काय. मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. परवा कसबा बावड्याच्या एका मुलाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, डेंग्यू तपासायच्या एनएस-१ च्या पट्टीवर टाकलं आणि कंट्रोलच्या रेघेशेजारी दुसरी गुलाबी रेघ उमटली, म्हणजे डेंग्यू. रिपोर्ट हातात पडताच आजी सुनेवर कडाडल्या, "पोराच्या खाण्याकडं लक्ष न्हाई तुझं, म्हणून झालं हे!" सून मान खाली घालून उभी राहिली.

तिचा काय दोष? विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. डेंग्यूचा विषाणू नेमका तोच निरोप अडवतो. त्याचं एनएस-५ हे प्रथिन पेशीत हा निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट-२ या प्रथिनाला पकडून त्याचा नायनाट करवतं. मग इंटरफेरॉन दारात येऊनही आत खबर पोचत नाही. उंदराच्या स्टॅट-२ पुढे मात्र एनएस-५ चं काही चालत नाही. त्यामुळे साध्या उंदरात डेंग्यू धड रुजतच नाही, आणि प्रयोगशाळेत बहुधा इंटरफेरॉनची यंत्रणाच बंद पाडलेले उंदीर वापरावे लागतात. माणसावर हल्ला करायला हा विषाणू इतका तयार होऊन आलाय. तालमीतल्या पैलवानालाही तो सोडत नाही.

आणि आम्ही तपासतो ते एनएस-१? तेही विषाणूचंच प्रथिन. बाधित पेशी ते रक्तात सोडतात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून सापडतं. रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांना ते निकामी करतं, शिवाय रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल करून रक्तातला द्रव पाझरण्याला हातभार लावतं. हा पाझर वाढतो तो बहुतेकदा ताप उतरायच्या सुमारास, जेव्हा घरचे "बरं झालं पोरगं" म्हणून निर्धास्त होतात.

पदार्थांच्या यादीऐवजी हे छापा. ताप उतरला तरी पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं यांपैकी काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनानं घ्यायचं नाही. ठळक अक्षरांत छापा, म्हणजे कात्रण काढून लॅबच्या काउंटरवर लावता येईल.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, राजारामपुरी, कोल्हापूर